पित्त, पित्ताशय आणि डॉक्टरांपुढें सांगावयाची हकीकत

मराठी भाषेंत 'पित्त' ह्या शब्दाइतका राबविला गेलेला दुसरा शब्द क्वचितच सांपडेल. छातींत जळजळूं लागलें, आंबट ढेंकर आले, म्हणजे आपण म्हणतों, पित्त झालें. अंगावर तांबड्या गांधी येऊन खाज सुटली, तरी म्हणतों, पित्त उठलें. डोकें ठणकून पिवळी वांती झाली कीं पित्त पडलें, आणि कोणी रागानें लाल झाला तर त्याचें पित्त खवळलें. वैद्यकाच्या दृष्टीनें पाहतां ह्या चार गोष्टींचा एकमेकींशीं फारसा संबंध नाहीं. पहिली जठरांतील अम्लाची, दुसरी बहुधा कशाच्या तरी वावड्याची, तिसरी पुष्कळदां अर्धशिशीची, आणि चौथी केवळ स्वभावाची. परंतु शब्द एकच असल्यामुळें एक पांचवी गोष्ट ह्या गर्दींत हरवून जाते, व तिच्याविषयींच आज आम्हांस लिहावयाचें आहे. ती गोष्ट म्हणजे पित्ताशयाचें दुखणें.

हें हरवणें कसें घडतें तें पाहूं. रात्रीचें जेवण थोडें जड झालेलें असतें. मध्यरात्रीच्या सुमारास पोटाच्या वरच्या भागांत, मधोमध अथवा उजव्या बरगडीखालीं, कळ उठते. ती वाढत जाते, मग एकसारखी राहते, आणि तास दोन तासांनीं ओसरते. तेवढ्या अवधींत घरांतील कोणी खाण्याचा सोडा पाजलेला असतो, कोणी ओंवा चावावयास दिलेला असतो, तर कोणी दुकानांतून आणून ठेवलेली 'पित्ताची गोळी' दिलेली असते. कळ जाते ती आपल्या क्रमानें. श्रेय मात्र सोड्यास, ओंव्यास किंवा गोळीस मिळतें. पुढल्या महिन्यांत पुन्हां तोच प्रकार व पुन्हां तोच उपाय. अशा रीतीनें वर्ष दोन वर्षें लोटतात. शेवटीं डॉक्टरांकडे जाण्याची पाळी येते तेव्हां रोगी एवढेंच सांगतो कीं, 'मला पित्ताचा त्रास आहे.' बाहेर तीस माणसें खोळंबलेलीं असतात. डॉक्टर तो त्रास अम्लपित्ताचा समजून औषध लिहून देतात, आणि एका शब्दानें केलेला घोटाळा आणखी कांहीं महिने तसाच पुढें चालतो.

म्हणून आमची पहिली विनंति अशी कीं, डॉक्टरांपुढें गेल्यावर रोगाचें नांव सांगूं नये, दुखणें सांगावें. नांव ठेवणें हें त्यांचें काम आहे. दुखणें सांगणें हें मात्र जगांत दुसऱ्या कोणासच साधणार नाहीं असें आपलें काम आहे. परंतु तें नीट सांगतां यावें एतदर्थ आंत काय घडतें ह्याची थोडी कल्पना असणें अवश्य आहे.

यकृताच्या खालच्या अंगास चिकटलेली, नासपतीच्या आकाराची एक पिशवी असते, हेंच पित्ताशय. त्याची लांबी सुमारें ७ ते १० सेंटिमीटर असून त्यांत ३० ते ५० मिलिलिटर पित्त मावतें. यकृत दिवसाकाठीं अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतें. मग तें एवढ्याशा पिशवींत राहतें कसें? तर पित्ताशय त्यांतील पाणी शोषून घेऊन पित्त दाट करून ठेवतें. आपण तेलतुपाचें अन्न खाल्लें व तें लहान आंतड्याच्या आरंभीं पोंचलें कीं तेथून एक रासायनिक निरोप रक्तांत सुटतो. ह्या द्रव्याचें नांव कोलेसिस्टोकायनिन. अमेरिकेंतील आयव्ही व ओल्डबर्ग ह्या संशोधकांनीं तें इ. स. १९२८ मध्यें दाखवून दिलें. निरोप पोंचतांच पित्ताशय आकुंचन पावतें आणि दाट पित्त नळीवाटे आंतड्यांत येऊन स्निग्ध पदार्थांच्या पचनास लागतें. वाचकांनीं येथें हें ध्यानांत घ्यावें कीं, हें पित्त आंबट नाहीं, उलट किंचित् क्षारधर्मी आहे. छातींत जळजळ करणारें अम्ल जठरांत तयार होतें. त्याचा कारखाना निराळा व ह्याचा निराळा. अम्ल मारणाऱ्या गोळीनें पित्ताशयाची कळ कां थांबत नाहीं, ह्याचा उलगडा येथेंच होतो.

पित्तांत क्षार, कोलेस्टेरॉल व रंगद्रव्यें असतात. ह्यांचें प्रमाण बिघडलें, किंवा पिशवी वेळच्या वेळीं रिकामी न होतां पित्त सांचून राहिलें, म्हणजे तळाशीं गाळ जमतो व त्याचे पुढें खडे होतात. कोणाचे वाळूच्या कणाएवढे, तर कोणाचे सुपारीएवढे. पुष्कळांस ह्या खड्यांची दादच नसते. ज्यांच्या पित्ताशयांत खडे असतात अशा दहा माणसांपैकीं सुमारें आठांस त्यांपासून कांहींच त्रास होत नाहीं, आणि दुसऱ्याच कारणासाठीं सोनोग्राफी केली असतां ते अकस्मात् दृष्टीस पडतात. त्रास होतो तो खडा पिशवीच्या तोंडाशीं येऊन अडकला म्हणजे. पिशवी आकुंचन पावूं पाहते, वाट बंद असते, आंतील दाब वाढतो, व कळ सुरू होते. कांहीं वेळानें खडा मागें सरकला कीं कळ थांबते. सोडा घेतला असो वा नसो.

कोणास हा त्रास अधिक होतो? पुरुषांपेक्षां स्त्रियांस, चाळिशीच्या पुढें, स्थूल देहाच्या माणसांस, गरोदरपणांत व त्यानंतर. घराण्यांत कोणास खडे असल्यास संभव वाढतो. झपाट्यानें वजन उतरविणें हेंहि एक मोठें कारण आहे. मग तें कडक उपासानें असो, शस्त्रक्रियेनें असो, किंवा हल्लीं प्रचारांत आलेल्या वजन उतरविण्याच्या इंजेक्शनांनीं असो. परंतु सडपातळ तरुणास होतच नाहीं असें कोणी समजूं नये. आपल्या नंदुरबार, गडचिरोली ह्यांसारख्या जिल्ह्यांत सिकल सेल नांवाचा रक्ताचा आनुवंशिक विकार पुष्कळ घरांत आढळतो. त्यांत रक्तांतील तांबड्या पेशी लवकर फुटतात, रंगद्रव्य वाढतें व त्याचे काळे खडे शाळेच्या वयांतील मुलांमुलींतहि होतात. अशा घरांतील मुलाचें पोट उजवीकडे दुखत असेल तर 'अभ्यास चुकवितो' असें म्हणण्यापूर्वीं शिक्षकांनींहि दोनदां विचार करावा.

उपासाविषयीं थोडें विषयांतर करतों. दिवसभर पोटांत कांहीं नाहीं, त्यामुळें पित्त सांचलेलें. आणि सायंकाळीं उपास सोडतांना किंवा उपासाच्याच नांवाखालीं साबुदाण्याचे तळलेले वडे व भरपूर दाण्याचें कूट घातलेली खिचडी! पित्ताशयास ह्याहून मोठा धक्का तो कोणता द्यावयाचा? दिवाळींतील करंजी व नाताळांतील करंजी ह्यांत पित्ताशय कांहींएक भेद करीत नाहीं, हेंहि आम्ही आमच्या सर्व समाजांच्या वाचकांस नम्रपणें सांगून ठेवतों.

आतां कळेचें स्वरूप. पित्ताशयाची कळ बहुधा अर्ध्या तासापेक्षां अधिक व पांच सहा तासांपेक्षां कमी राहते. ती पिळा पडल्यासारखी क्षणांत येणारी व क्षणांत जाणारी नसून चढत जाऊन एकसारखी टिकणारी असते. पुष्कळदां ती मागें पाठींत, दोन्ही खवाट्यांच्या मध्यें, अगर उजव्या खांद्यांत उमटते. कुशीवर वळलें, ढेंकर आला, शौचास झालें, तरी तिला उतार पडत नाहीं. मळमळ व वांती सोबतीस येतात. ती जेवणानंतर, विशेषतः रात्रीं, येते, आणि दोन कळांच्या मध्यें आठवडे किंवा महिने अगदीं सुखाचे जातात. हेंच तिचें सर्वांत फसवें लक्षण. दुखणें गेलें म्हणजे माणूस डॉक्टरांस विसरतो.

आमच्या परिचयाच्या एका गृहिणीची हकीकत येथें देण्यासारखी आहे. बाईंस दीड वर्ष असा त्रास होत होता, व त्या शेजारणीनें सांगितलेली गोळी घेऊन गप्प बसत. त्यांची मुलगी नववींत होती. घरांत भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब लिहिण्याचें काम तिच्याकडे असे. आईस ज्या रात्रीं दुखे त्या तारखेवर ती एक फुली करूं लागली, आणि त्या दिवशीं घरांत काय रांधलें होतें तें बारीक अक्षरांत लिहूं लागली. पांच महिन्यांत सात फुल्या झाल्या. त्यांपैकीं पांच फुल्यांखालीं लग्नाचें जेवण, पुऱ्या, भजीं अशीं नांवें होतीं. दवाखान्यांत जातांना तिनें तीं पानें घडी करून नेलीं. डॉक्टरांनीं तीं उलगडून पाहिलीं, दोन प्रश्न विचारले आणि त्याच दिवशीं सोनोग्राफीची चिठ्ठी लिहून दिली. दीड वर्षांत जें झालें नव्हतें तें दुधाच्या हिशेबानें पांच मिनिटांत झालें.

परंतु फुल्या करीत बसण्याची वेळ कोणती आणि तत्काळ उठून निघण्याची कोणती, हा भेद आधीं कळला पाहिजे. कारण ह्या दुखण्यांत खरा धोका विलंबाचा आहे. कळ सहा तासांहून अधिक टिकली, सोबत ताप आला, उजव्या बरगडीखालीं हात लावूं देववेना, तर पित्ताशयास सूज आली असें समजण्यास जागा आहे. त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. डोळे पिवळे दिसूं लागले, लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, शौचाचा रंग मातकट पांढरा पडला, अंगास खाज सुटली, तर खडा पिशवींतून निसटून मुख्य नळींत अडकला असण्याचा संभव आहे. हिला साधी कावीळ समजून गळ्यांत माळ घालणें, नाकांत रस पिळणें असले उपचार करीत बसणें म्हणजे मोलाचे दिवस दवडणें होय. त्यांतहि कावीळ, हींव भरून येणारा ताप आणि उजव्या बाजूची कळ हीं तिन्हीं एकत्र आलीं तर एक रात्रहि थांबूं नये. फ्रान्समधील शार्को नांवाच्या वैद्यानें हें त्रिकूट इ. स. १८७७ मध्यें वर्णिलें. पित्तनलिकेंत पू होऊन विष रक्तांत भिनत असल्याची ती खूण आहे. पोटाच्या मधोमध असह्य कळ येऊन ती सरळ पाठींत जाते, वांती थांबत नाहीं, पुढें वांकून बसल्यास किंचित् बरें वाटतें, असें असेल तर स्वादुपिंडास सूज आलेली असूं शकते, व तीहि ह्याच खड्यांची करणी असूं शकते.

आणखी एक इशारा. पोटाच्या वरच्या भागांतील प्रत्येक कळ पोटाचीच असते असें नाहीं. हृदयविकाराचा झटकाहि कित्येकदां 'पोटांत दुखतें' असें म्हणतच येतो, विशेषतः स्त्रियांत, वृद्धांत व मधुमेह्यांत. घाम सुटला, दम लागला, कळ छातींत, जबड्यांत अगर हातांत गेली, तर पित्त कीं पित्ताशय हा वाद घरांत घालीत बसूं नये. महाराष्ट्रांत १०८ ह्या क्रमांकावर फोन केला असतां रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. वृद्ध व मधुमेही ह्यांच्या बाबतींत हेंहि सांगणें जरूर आहे कीं, त्यांस भयंकर सूज असूनहि कळ व ताप सौम्य असूं शकतात. 'आजी फार कण्हत नाहींत' ही निश्चिंत राहण्याची खूण नव्हे.

असें धोक्याचें कांहीं नसेल आणि डॉक्टरांकडे जाण्यास चार आठ दिवस असतील, तर तेवढ्यांत काय करावें? जेवण थोडें थोडें व वेळेवर घ्यावें. तळलेले, तुपकट पदार्थ, जाड साय व मटणाचा रस्सा दूर ठेवावा. परंतु भीतीनें अन्नच सोडूं नये, कारण लांबलेला उपास पित्त सांचवितो. ह्या पथ्यानें कळा कमी होतील, खडे मात्र विरघळणार नाहींत. वेदनाशामक गोळ्या आपल्या मनानें घेऊं नयेत. मूत्रपिंडाचा विकार किंवा पोटांत व्रण असणाऱ्यांस त्या अपाय करतात. दुखणें असह्य झाल्यामुळें घेतलीच तर गोळीचें नांव व वेळ लिहून ठेवावी. कळ जोरांत असतांना रुग्णालयांत निघालेल्या माणसास आग्रहानें खाऊं घालूं नये. कदाचित् तपासणीसाठीं किंवा शस्त्रक्रियेसाठीं पोट रिकामें असावें लागतें.

येथें आणखी एक गैरसमज दूर करतों. 'खडा' हा शब्द ऐकतांच आपल्याकडे कुळथाचें कढण व पाषाणभेदाचा काढा सुरू होतो. हे उपाय लोकांत मुतखड्यासाठीं प्रसिद्ध आहेत. ते तेथें किती लागू पडतात हा प्रश्न बाजूस ठेवला, तरी मुतखडा मूत्रपिंडांत होतो व लघवीवाटे पडूं शकतो. पित्ताशयाच्या खड्यास लघवीची वाटच नाहीं. तो बाहेर ढकलण्याची इच्छा धरणें म्हणजे त्यास अरुंद पित्तनलिकेंत जाण्याचें आमंत्रण देणें होय, आणि तेथें तो काय करतो हें वर सांगितलेंच आहे. ऑलिव्ह तेल व लिंबाचा रस भरपूर पिऊन खडे पाडण्याचा एक उपाय परदेशांतून मोबाईलच्या द्वारें आपल्याकडे आला आहे. तो केल्यावर शौचांतून हिरवे गोळे पडतात व लोक ते डबींत घालून मिरवितात. न्यूझीलंडमधील डॉक्टरांनीं असे गोळे तपासून इ. स. २००५ मध्यें 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रांत लिहिलें कीं, त्यांत कोलेस्टेरॉल, रंगद्रव्य किंवा चुना कांहींच नव्हतें. ते होते प्यालेल्या तेलाचे पोटांत बनलेले साबणासारखे गोळे!

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीं एक कागद घ्यावा. आमच्या शाळेच्या विद्यार्थ्यांस आम्ही येथें मुद्दाम हांक मारतों. तुमच्या घरांत आजी, आजोबा, आई असतील. त्यांतील कित्येकांस लिहिण्याचा सराव नसेल, असला तरी 'त्यांत काय लिहावयाचें' असें म्हणून त्या टाळतील. निबंधांत पावसाचें वर्णन तुम्ही दोन पानें करतां. आजीच्या दुखण्याचें अर्धें पान करणें जड जाऊं नये. तिच्याजवळ बसा, शब्द तिचेच घ्या, आणि आपल्या कल्पनेनें एकहि विशेषण घालूं नका. तिला 'कोठें दुखतें' असें विचारून भागणार नाहीं. बोटानें दाखवावयास सांगा. एका बोटानें दाखविते कीं सबंध तळहात फिरविते, हेंहि लिहा. पहिल्यांदा केव्हां दुखलें? तारीख आठवत नसेल तर सणावरून, पेरणीवरून, कोणाच्या लग्नावरून काढा. किती वेळ राहिलें? घड्याळ पाहिलें नसेल. पण 'दूधवाला येईपर्यंत' एवढें तिला आठवत असतें, आणि तेवढें पुरतें. त्या दिवशीं काय खाल्लें होतें, कळ पाठींत किंवा खांद्यांत गेली काय, वांती झाली काय, ताप आला काय, लघवीचा व शौचाचा रंग कसा होता, हें सर्व विचारा. शेवटला प्रश्न विचारतांना लाजू नका. डॉक्टर तो विचारणारच, आणि तेथें परक्यांसमोर उत्तर देण्यास आजी अधिक लाजेल.

कागदाचा नमुना असा असावा: 'वय ५८. मधुमेह ९ वर्षें. चैत्रापासून पांच वेळां दुखलें. उजव्या बरगडीखालीं तळहाताएवढ्या जागेंत. दोन वेळां उजव्या खवाट्याखालींहि. रात्रीं अकराच्या पुढें सुरू होऊन पहांटेपर्यंत, अंदाजें चार तास. पांचांपैकीं तीन वेळां आदल्या सायंकाळीं तळलेलें खाल्लें होतें. दोनदां वांती. ताप नाहीं. डोळे पिवळे नाहींत. लघवी नेहमींसारखी. मध्यंतरीं काहीं त्रास नाहीं. आम्लाची गोळी तीन वेळां घेतली, फरक नाहीं.' ह्यांत 'पित्त' हा शब्द एकदांहि आलेला नाहीं, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल.

त्याच कागदाच्या पाठीमागें चालू असलेल्या औषधांचीं नांवें उतरून घ्यावींत, किंवा सरळ सर्व पाकिटें पिशवींत घालून न्यावींत. 'एक पांढरी लहान गोळी' ह्या वर्णनाच्या गोळ्या हजारों आहेत. रक्त पातळ करणारें औषध, मधुमेहाचीं औषधें व इन्शुलिन, संततिनियमनाच्या अगर पाळीसंबंधीच्या गोळ्या, वैद्याचे काढे व चूर्णें, हीं लपवूं नयेत. गरोदर असल्यास किंवा तसा संशय असल्यास प्रथमच सांगावें. पुरुषांनीं मद्याविषयीं खरें तें सांगावें, कारण स्वादुपिंडाच्या सुजेचें तें दुसरें मोठें कारण आहे; बायको समोर असल्यामुळें खोटें बोलावें लागत असेल तर तिला क्षणभर बाहेर बसविण्याची विनंति डॉक्टरांसच करावी. पूर्वींच्या शस्त्रक्रिया, औषधांचें वावडें आणि घराण्यांतील खड्यांची माहितीहि असावी. तसेंच स्त्रीरुग्णाबरोबर गेलेल्या पतीनें किंवा मुलानें तिचें उत्तर आपण देऊं नये. आम्ही दवाखान्यांतील बांकावर बसून कितीदां तरी पाहिलें आहे कीं, प्रश्न बाईंस असतो आणि उत्तर गृहस्थ देतात. जणूं कांहीं कळ त्यांच्याच पोटांत आली होती!

तपासतांना डॉक्टर उजव्या बरगडीखालीं बोटें रोवून दीर्घ श्वास घ्यावयास सांगतील. पित्ताशयास सूज असेल तर तें खालीं सरकून बोटांस लागतें व श्वास मध्येंच तुटतो. शिकागो येथील शस्त्रवैद्य जॉन मर्फी यांच्या नांवानें ही खूण ओळखली जाते. त्या वेळीं दुखलें तर दुखलें म्हणावें. धीटपणा दाखविण्याची ती जागा नव्हे. रक्ताच्या तपासणींत काविळीचें प्रमाण, यकृताचीं व स्वादुपिंडाचीं द्रव्यें आणि पांढऱ्या पेशी पाहतात. सोनोग्राफीस जातांना सहा ते आठ तास कांहीं खावयाचें नसतें. कारण वर आलेंच आहे: खाल्लें कीं पिशवी रिकामी होऊन आकसते, आणि आकसलेल्या पिशवींतील खडे नीट दिसत नाहींत. साधें पाणी बहुधा चालतें. दुधाचा चहा चालत नाहीं, आणि 'अर्धाच कप घेतला' ही सबब पित्ताशय ऐकत नाहीं. मधुमेह्यांनीं त्या सकाळची गोळी किंवा इन्शुलिन घ्यावें कीं नाहीं हें आदल्या दिवशींच विचारून घ्यावें. पित्ताशयांतील खडे ह्या तपासणींत शेंकडा ९५ हून अधिक वेळां सांपडतात. नळींतील खडा मात्र तिला कित्येकदां चुकवितो. तसा संशय असल्यास एम्. आर. सी. पी. नांवाची चित्रतपासणी करतात.

खडे निघाले म्हणजे पहिला प्रश्न येतो तो शस्त्रक्रियेचा. जे खडे कधींच दुखले नाहींत, ते बहुतेकांच्या बाबतींत तसेच राहूं देतात. ज्यांनीं एकदां कळ आणली ते पुन्हां आणण्याचा संभव मोठा, म्हणून तेथें सबंध पिशवीच काढण्याचा सल्ला देतात. 'नुसते खडे काढा, पिशवी राहूं द्या' असें पुष्कळ रोगी म्हणतात. बर्लिन येथील कार्ल लांगेनबुख यांनीं ता. १५ जुलै १८८२ रोजीं पहिल्यानें मनुष्याचें पित्ताशय काढलें, तेव्हां त्यांचा विचार हाच होता कीं पिशवींत खडे आहेत एवढ्यासाठीं नव्हे, तर ती खडे तयार करते म्हणून ती काढावयाची. त्यानंतर शंभर वर्षें ही शस्त्रक्रिया पोटावर वीतभर छेद घेऊन होत असे. जर्मनींतील एरिक म्यूहे यांनीं इ. स. १९८५ मध्यें ती दुर्बिणीच्या साहाय्यानें लहान छिद्रांतून केली, आणि आपल्या मुंबईंत डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनीं इ. स. १९९० मध्यें तो मार्ग भारतांत आणला. आज सामान्यतः रोगी एक दोन दिवसांत घरीं येतो. पिशवी नसली तरी पित्त यकृतांतून सरळ आंतड्यांत येतें व पचन चालतें. कांहींजणांस थोडे दिवस पातळ शौचास होतें इतकेंच. विरघळविण्याचीं औषधें आहेत, पण तीं लहान व विशिष्ट खड्यांसच लागू पडतात, महिनेच्या महिने घ्यावीं लागतात, आणि बंद केल्यावर खडे पुन्हां होतात.

डॉक्टरांस विचारण्याचे प्रश्नहि त्याच कागदावर लिहून न्यावेत, कारण खुर्चींत बसल्यावर ते आठवत नाहींत. हें दुखणें खड्याचेंच कशावरून? नळींत खडा नाहीं हें पाहिलें काय? शस्त्रक्रिया किती लवकर हवी, आणि थांबल्यास काय होईल? कोणत्या लक्षणावर रात्रींअपरात्रीं यावें? खर्च किती, व तो सरकारी योजनेंत अगर विम्यांत बसतो काय, हें विचारण्यांतहि कमीपणा नाहीं.

अहवाल हातीं आल्यावर त्यांतील शब्दांनीं घाबरूं नये. कॅल्क्युलस म्हणजे खडा, स्लज म्हणजे दाट गाळ, आणि सी. बी. डी. म्हणजे मुख्य पित्तनलिका. ती फुगलेली असल्याचा उल्लेख असेल तर त्याबद्दल अवश्य विचारावें. पॉलिप म्हणजे भिंतीवर आलेला मांसाचा कोंब. तो १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असल्यास पित्ताशय काढण्याचा सल्ला देतात. लहान असल्यास पुष्कळदां कांहीं महिन्यांनीं पुन्हां सोनोग्राफी करवितात, आणि त्या वेळीं जुना अहवाल जवळ नसला तर कोंब वाढला कीं होता तेवढाच आहे, हें कोणासच सांगतां येत नाहीं.